गळती बंद करून दिली, आणि धरण आणखी धोक्यात आणलं

आमच्या नौकाविहाराच्या तळ्याला छोटं मातीचं धरण आहे. उंची दुमजली घराएवढी. तळं सभासदांच्या मालकीचं, त्यामुळे देखभालही आमचीच. या धरणाची गळती थांबवून देतो असं सांगून एका ठेकेदाराने आमच्याकडून पूर्ण पैसे घेतले, आणि गळती खरोखरच थांबवून दाखवली. फसवणूक झाली ती याच कामात. तळं सांभाळणाऱ्या कुठल्याही मंडळाला पायथा कोरडा दिसला की काम फत्ते झालं असं वाटतं. हा माणूस नेमका तो कोरडेपणाच विकत होता, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मातीचं धरण थोडंफार झिरपतंच. मधल्या गाभ्यातली चिकणमाती पाणी अडवते, तरी थोडं पाणी वाट काढतं. ते वाळूखडीच्या थरातून, म्हणजे गाळणीतून, पायथ्याच्या निचरा नळीत आणून बाहेर सोडतात. पाणी जाऊ द्यायचं आणि मातीचा कण अडवायचा, हे त्या गाळणीचं काम. नितळ पाणी ठरावीक प्रमाणात येत असेल तर धरण आपलं काम करतं आहे. पाणी गढूळ झालं तर आतली माती वाहून चालली आहे. मग पायथ्याकडून तळ्याच्या दिशेने आत आत पोकळी वाढत जाते आणि एक दिवस आरपार वाट होते. अभियंते याला पायपिंग म्हणतात. अमेरिकेतलं टीटन धरण 93 मीटर उंच होतं, सरकारी अभियंत्यांनी बांधलेलं. 5 जून 1976 ला पहिल्याच भरणीच्या वेळी सकाळी त्याच्यातून गढूळ पाणी येताना दिसलं आणि दुपार होण्याआधी धरण फुटलं. धावपळ करायला मिळाले ते काही तास.

आमच्याकडे काय होतं? पायथ्याच्या निचरा नळीतून येणारं पाणी वाढलं होतं, आणि धरणातून तळ्याचं पाणी सोडायचा जो जुना लोखंडी पाइप जातो, त्याच्या तोंडाभोवतीची जमीन ओली राहू लागली होती. पाइपच्या आतून येणारं पाणी वेगळं आणि पाइपच्या बाहेरून, मातीच्या सांध्यातून येणारं वेगळं. दुसरं फार वाईट, कारण पाइपला लागून माती नीट ठोकून दाबता येत नाही आणि पाण्याला सर्वांत सोपी वाट तिथेच मिळते.

ठेकेदाराने पाहणी केली, जाडजूड अहवाल दिला आणि तीन कामं लिहून दिली. पाइपच्या आत नवा प्लास्टिकचा पाइप सरकवून मधल्या फटीत सिमेंटचं द्रावण भरणार. पाण्याकडच्या उतारावर चिकणमातीचे 15 ते 20 सेंटीमीटरचे थर टाकून प्रत्येक थर रोलरने दाबणार आणि त्याची घनता तपासणार. शिवाय एक ‘खास रसायन’ भरावात सोडणार. त्या रसायनाचं नाव विचारलं तर ते कंपनीचं गुपित आहे असं उत्तर. धरणांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या खात्याला कळवू या असं आमच्यातल्या एकाने सुचवलं, तेव्हा ठेकेदाराने भीती घातली: ते लोक आले की आधी तळं रिकामं करायला लावतील, मग परवानग्यांत वर्षं जातील. पावसाळा तोंडावर आहे, आता निर्णय घ्या. ही घाई आणि ही भीती एकत्र आली की समोरच्याला थांबवा, एवढं तरी या अनुभवातून सांगता येईल.

काम झालं. पायथा कोरडा. निचरा नळीतून थेंबही नाही. उतारावर नवी माती, नवं गवत. वर ‘भेट’ म्हणून सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर, लाकडी फळ्या आणि मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी. पाणी हातभर जास्त साठू लागलं, होड्यांना खोली मिळाली, सभासद खूश.

पुढच्या पावसात धरणाच्या बाहेरच्या उतारावर, पायथ्यापासून बरंच वर, गवताचा एक पट्टा आजूबाजूच्यापेक्षा हिरवागार दिसू लागला. तिथे पाय ठेवला की जमीन दबायची. मग माथ्यावर उताराच्या कडेला कमानीसारखी बारीक भेग पडली. ठेकेदाराला फोन केला तर उत्तर आलं, ‘नवी माती बसते आहे, होतं असं.’ ते आम्हाला पटलं नाही. ठेकेदाराशी काहीही संबंध नसलेला, धरणांचंच काम करणारा अभियंता आम्ही बोलावला.

त्याने आधी निचरा नळीचं तोंड उकरायला लावलं. नळीच्या आत काँक्रीट ठासून भरलेलं होतं. गळती थांबली होती ती अशी. पाणी यायचं थांबलं नव्हतं, बाहेर पडायचं थांबलं होतं. धरणाच्या पोटात ते चढत गेलं, बाहेरचा उतार आतून भिजला आणि घसरायच्या बेताला आला. काँक्रीट जपून फोडलं तेव्हा आधी गढूळ आणि बऱ्याच वेळाने नितळ पाणी आलं. मोकळं केलेल्या तोंडावर त्याने लगेच वाळू आणि त्यावर खडी टाकायला लावली. फोडून तसंच उघडं ठेवलं असतं तर माती वाहून गेली असती. तेव्हा कुणी असं तोंड स्वतःहून फोडायला जाऊ नका.

पाइपमध्ये कॅमेरा सोडला. तोंडाशी नव्या पाइपचा हातभर तुकडा, त्याच्या मागे तोच गंजून भोकं पडलेला लोखंडी पाइप. उतारावर खड्डा घेतला तर वरची नवी माती ढिली, मुळांनी भरलेली. थर नाहीत की दाब नाही. अहवालातल्या रोलरच्या फोटोंकडे त्याने बोट दाखवलं: त्यातला रोलर आमच्या माथ्याच्या रुंदीवर मावलाच नसता. फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी धरणाचे होते. अहवालावर सही होती, पण सही करणाऱ्याची पात्रता किंवा नोंदणी कुठेच नव्हती.

मला सर्वांत जास्त संताप आला तो सांडव्याचा. मातीच्या धरणावरून पाणी उलटलं की ते माती कापत जातं. तसं होऊ नये म्हणूनच सांडवा मोकळा ठेवायचा असतो, आणि पाण्याच्या पातळीपासून माथ्यापर्यंत सोडलेली उंची ही मोठ्या पुरासाठीची राखीव जागा असते. फळ्यांनी ती जागा खाल्ली आणि जाळीत पालापाचोळा अडकू लागला. 31 मे 1889 ला पेनसिल्व्हेनियात जे साउथ फोर्क धरण फुटून जॉन्सटाउन गाव वाहून गेलं आणि 2,200 हून जास्त माणसं मेली, ते असंच एका क्लबचं, मासेमारीच्या आणि सहलीच्या तळ्याचं मातीचं धरण होतं. त्याचे पाणी सोडायचे पाइप आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते क्लबने परत बसवले नाहीत. गाड्या जाव्यात म्हणून माथा थोडा उतरवला होता आणि सांडव्यात मासे अडवायच्या जाळ्या होत्या. अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातलं केली बार्न्स धरणही लहानच होतं, तेही शेवटी मौजेच्या तळ्यासाठीच उरलं होतं. 6 नोव्हेंबर 1977 ला मध्यरात्रीनंतर ते फुटलं आणि खालच्या महाविद्यालयाच्या वस्तीतली 39 माणसं गेली. आमच्या धरणाखालीही घरं आहेत. आम्हाला फसवणाऱ्याने ती घरं येता-जाता पाहिली होती.

पाणी उतरवायचं ठरलं तर पाणी सोडायच्या पाइपचा व्हॉल्व्ह जाम. तो बदलल्याचं बिल होतं, व्हॉल्व्ह मात्र जुनाच, वरून रंगवलेला. शेवटी फळ्या आणि जाळी काढली आणि माथ्यावरून सायफनचे पाइप टाकून पाणी हळूहळू उतरवलं. इथे घाई चालत नाही. पाणी भराभर उतरलं तर भिजलेली माती तळ्याच्या बाजूने घसरते. छोट्या धरणांना दिवसाला साधारण 30 सेंटीमीटरच्या आत राहायला सांगतात, आमच्या अभियंत्याने त्याहून कमी ठेवलं.

तुमच्याकडे कुणी गळती बंद करायला आलं तर पहिला प्रश्न हाच विचारा: पाणी कुठून बाहेर पडणार? ‘पडणारच नाही’ असं उत्तर आलं तर पुढे बोलू नका. झिरपा मोजायची सोय कामाआधीच करून घ्या. निचऱ्याच्या चरात 90 अंशांची खाच कापलेला पत्रा उभा बसवला की खाचेवरच्या पाण्याची उंची पाहून प्रवाह कळतो. 5 सेंटीमीटर उंचीला सेकंदाला सुमारे पाऊण लिटर, 10 सेंटीमीटरला दुप्पट नव्हे, साडेपाच पटीहून जास्त. पाणी कमी असेल तर बादली आणि घड्याळ पुरतं. आकड्याशेजारी तळ्याची पातळी, पाऊस आणि पाणी नितळ की गढूळ हे लिहा. तळं भरलेलं असताना झिरपा एकाएकी शून्यावर आला, तर तो वाढल्याइतकाच गंभीर समजून अभियंत्याला बोलवा.

करार करताना झाकलं जाणारं प्रत्येक काम झाकण्याआधी तुमच्या अभियंत्याने पाहावं, घनतेची चाचणी ठेकेदाराने नव्हे तर अभियंत्याने निवडलेल्या प्रयोगशाळेने करावी, पाइपचं कॅमेऱ्याने केलेलं चित्रण कामाआधी आणि नंतर द्यावं, असं लिहून घ्या. मोठी रक्कम तळं एकदा पूर्ण भरून एक पावसाळा गेल्यावरच द्या. आमच्या करारातली हमी ‘असाधारण पाऊस’ सोडून होती, आणि असाधारण म्हणजे किती हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तक्रार दाखल केली आहे, पैसे अजून परत आलेले नाहीत. फोडलेलं काँक्रीट, पाइपचा तो तुकडा, कॅमेऱ्याचं चित्रण आणि खड्ड्याचे फोटो अभियंत्याच्या सहीसह जपून ठेवले आहेत, आणि जे खातं टाळायला ठेकेदाराने सांगितलं होतं त्याच खात्याचा निरीक्षक आता दरवर्षी धरण पाहून जातो. तळं रिकामं करायला त्याने सांगितलं नाही. सांडवा मोकळा ठेवा आणि भरावावरची झुडपं मोठी होण्याआधी काढा, एवढंच लेखी दिलं.