'गॅस कमी आहे' म्हणाला आणि बुरशी आत ठेवून गेला

एसी लावला की सुरुवातीला खोलीभर ओल्या गोणपाटासारखा कुबट वास सुटायचा. बाबांना जुना दमा आहे, त्यांचा रात्रीचा खोकला वाढला होता. मुलगा सकाळी शिंकतच उठायचा. म्हणून सर्व्हिसिंगवाल्याला बोलावलं.

त्याने जाळ्या नळाखाली धरल्या, आत कसलासा सुगंधी स्प्रे मारला आणि बाहेरच्या युनिटला गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजायचं यंत्र, लावून मला काटा दाखवला. "मॅडम, गॅस कमी झालाय. वास त्याचाच येतोय." गॅस भरला, बिल घेतलं, गेला. स्प्रेचा सुगंध उडाल्यावर वास पुन्हा हजर, आणि खोकला तर कुठे गेलाच नव्हता.

नंतर आलेल्या मेकॅनिकने गेज बाहेरही काढलं नाही. एसीचा स्विच बंद केला, हवा येते ती फट उघडून आत टॉर्च मारला आणि मला बघायला बोलावलं. ब्लोअरच्या, म्हणजे आतल्या लांबट पंख्याच्या, प्रत्येक पात्यावर काळा थर. खाली पाणी साठतं त्या ट्रेमध्ये बुळबुळीत चिखल. किळस आली. जाळी फक्त जाड धूळ अडवते, बारीक धूळ आत जाते. थंड कॉइलवर, म्हणजे आतल्या गार नळ्यांच्या जाळ्यावर, हवेतली वाफ पाणी होऊन साचते, तिथे ती धूळ चिकटते आणि बुरशीला ओल व खाणं दोन्ही मिळतं. घरातला साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवत राहतो. म्हणजे दारं-खिडक्या लावून आम्ही रात्रभर त्याच थरावरून आलेली हवा घेत होतो. बुरशीच्या कणांनी दमा आणि ॲलर्जी बळावतात, हे बाबांच्या डॉक्टरांनीही सांगितलं.

आता गॅसचं. तो बंद नळ्यांमध्ये फिरतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता वरून भरणं म्हणजे पुढच्या बिलाची सोय. शिवाय कुबट वासाशी त्याचा संबंधच नाही. मग काटा खाली का होता? इथेच खरी चलाखी आहे. कॉइल आणि ब्लोअर धुळीने बुजले की हवा कमी खेळते, त्यानेही गेजवर दाब कमी दिसतो. आधी सफाई आणि मग गेज, हा क्रम पहिल्याने मुद्दाम उलटा केला, असं माझं मत आहे. आमच्या एसीत गॅस उलट जास्त झाला होता, आणि त्याचा ताण कॉम्प्रेसरवर येतो. नव्या मेकॅनिकने तो काढून, युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच वजनकाट्यावर मोजून पुन्हा भरला. ब्लोअर बाहेर काढून धुतला, कॉइल आणि ट्रे साफ केले, पाण्याचा पाइप मोकळा केला. वास गेला. बाबांचा खोकला कमी आहे, पण त्यांचं औषधही त्याच सुमारास बदललं, त्यामुळे सगळं श्रेय सफाईला देणार नाही.

पहिल्याला फोन केला तर म्हणाला, बिलावर 'सर्व्हिस' लिहिलंय, ब्लोअर कुठे लिहिलाय? खरंच नव्हता लिहिलेला. तेव्हा काम सुरू होण्याआधीच ब्लोअर, कॉइल, ट्रे आणि पाइप ही नावं बिलावर लिहून घ्या. गॅस भरायचाच म्हणाला, तर गळती कुठे सापडली आणि किती ग्रॅम भरला, तेही.