नोकरी सांभाळून नर्सिंगची ऑनलाइन पदवी: कुठे जमतं, कुठे अडतं

अमेरिकेत आरएन (नोंदणीकृत नर्स) म्हणून नोकरी करता करता बीएसएन (नर्सिंगची पदवी) किंवा नेतृत्व-व्यवस्थापनातली एमएसएन (नर्सिंगची पदव्युत्तर पदवी) ऑनलाइन करता येते. जाहिरातीत सगळीकडे एकच शब्द: 'लवचीक'. तो अर्धाच खरा.

लेक्चर केव्हाही ऐका, कोणी विचारत नाही. पण पुष्कळ ठिकाणी विषय आठ आठवड्यांत उरकायचा असतो. क्रेडिटमागे साधारण 45 तास धरले तर तीन क्रेडिटचा विषय 135 तासांचा, म्हणजे आठवड्याला सतराएक तास. बारा तासांच्या तीन शिफ्ट करून एका वेळी एकच विषय झेपतो. प्रवेश देणारे 'दोन घ्या' म्हणू लागले की हा भागाकार त्यांच्यापुढे ठेवा. शिवाय ठरलेली चर्चा असते: आठवड्याच्या मध्यावर संदर्भांसह आपली पोस्ट, रविवारपर्यंत दोघांना उत्तरं. नाइट लागली की रात्री 11:59 ची मुदत ऐन ड्यूटीत येते, आणि ती विद्यापीठाच्या टाइम झोनप्रमाणे असते. ('छान मुद्दा मांडलात' छापाच्या त्या उत्तरांतून शिकायला फारसं मिळत नाही, ते सोडा.)

ही कटकट नको असेल तर क्षमता-आधारित अभ्यासक्रम बघा, म्हणजे येतं ते सिद्ध केलं की विषय संपला, असे. वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीत सहा महिन्यांच्या टर्मची ठोक फी असते; तेवढ्यात जमतील तेवढे विषय संपवायचे. वॉर्डात वर्षं काढलेल्यांना हे फायद्याचं पडतं. मेंटॉर चौकशी करतो, पण आजचं उद्यावर ढकलणाऱ्याची टर्म हातची जाते आणि फी पुन्हा भरावी लागते.

नेतृत्वाच्या अभ्यासात सगळ्यात कसदार भाग स्टाफिंग आणि बजेटचा. चोवीस तास एक नर्स हवी, तर आठवड्याचे 168 तास भरायचे. 40 तासांच्या नोकरीने भागले तर 4.2 माणसं. रजा, आजारपण, ट्रेनिंग धरलं की आकडा पाचाजवळ जातो. 'एक पोस्ट वाढवा' म्हणताना प्रशासन का बिचकतं, ते इथे कळतं. स्वतःच्या युनिटचं रोस्टर घेऊन हे करायला लावणारा कोर्स निवडा. नेतृत्वाच्या सिद्धान्तांवर एपीए शैलीत (संदर्भ देण्याची ठरावीक पद्धत) निबंधांमागून निबंध लिहून घेणाऱ्या कोर्सातून मॅनेजर घडत नाही.

मान्यता मात्र आधी तपासा. विद्यापीठाची मान्यता वेगळी, नर्सिंगच्या अभ्यासक्रमाची वेगळी. दुसरीसाठी सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थांच्या स्वतःच्या यादीत नाव शोधा. 'उमेदवार' दर्जा म्हणजे मान्यता नव्हे.

खरी गाडी अडते प्रॅक्टिकमवर, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी भरायच्या तासांवर. प्रिसेप्टर (तिथे देखरेख करणारा अनुभवी मार्गदर्शक) बऱ्याचदा तुम्हीच शोधायचा, तो सहसा किमान एमएसएन हवा, आणि पुष्कळ ठिकाणी तुमचा थेट वरिष्ठ चालत नाही. पगारी शिफ्टचे तासही बहुधा धरत नाहीत. त्यावर रुग्णालय आणि विद्यापीठ यांच्यात करार लागतो. दोन्हीकडच्या कायदा विभागांत तो आठवडे, कधी महिने फिरतो, आणि सही होईपर्यंत एक तासही मोजला जात नाही. प्रॅक्टिकममध्ये करायच्या प्रकल्पाचंही तसंच. रुग्ण पडण्याचं प्रमाण कमी करणं किंवा हँडओव्हर सुधारणं असा विषय घेतला तरी 'हे संशोधन नसून गुणवत्ता सुधारणा आहे' असा निर्णय आयआरबीकडून (संशोधनाला परवानगी देणारी नैतिकता समिती) घ्यावा लागू शकतो. अर्ज कोर्स सुरू झाल्यावर टाकला तर आठ आठवडे तिथेच संपतात. मागची टर्म चालू असतानाच प्रिसेप्टर ठरवा आणि अर्ज टाका.

म्हणून फी भरण्याआधी प्रॅक्टिकमच्या ऑफिसला ईमेल करा: माझ्या रुग्णालयाशी करार आहे का, तो कधीपर्यंत वैध आहे, प्रिसेप्टर मिळाला नाही तर शोधून कोण देणार? 'आम्ही मदत करतो' एवढंच उत्तर आलं तर शोधायचं तुम्हालाच आहे असं समजा. पुढे डीएनपी (नर्सिंग प्रॅक्टिसमधली डॉक्टरेट) करायचा विचार असेल तर प्रॅक्टिकमचे तास विद्यापीठाच्या सही-शिक्क्याच्या पत्रावर घेऊन ठेवा. डीएनपीला लागणाऱ्या तासांत एमएसएनचे तास बऱ्याचदा धरतात, पण त्यासाठी ते कागदावर असावे लागतात.