नार्निया, पुन्हा एकदा: सहा महिन्यांनंतर

नार्निया या जादूच्या देशातल्या गोष्टींचा सी. एस. लुईसचा संच घेऊन सहा महिने झाले. पुस्तकं सात, आणि एकेक दोन-तीन रात्रींत संपेल एवढंच. तरी इतका वेळ लागला, कारण मधे दोनदा चिडून बाजूला ठेवली होती. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी क्रमाचं बघा. माझ्या खोक्यावर पहिला नंबर 'द मॅजिशियन्स नेफ्यू'ला दिलाय. कथेच्या काळाप्रमाणे ते पहिलं, हे खरं. पण ते आलं १९५५ साली, सहावं म्हणून. सुरुवात १९५०च्या 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'नेच करा. बर्फाळ रानात दिव्याचा खांब कुठून उगवला हे आधीच ठाऊक असेल, तर छोट्या ल्यूसीबरोबर कपाटातून पलीकडे नार्नियात जाण्यात गंमत काय उरली?

लहानपणी मला तिच्या भावाचा, एडमंडचा भयंकर राग यायचा. टर्किश डिलाईट या मिठाईच्या डब्यापायी सख्ख्या भावंडांशी दगाबाजी! या वेळी जाणवलं की ही पोरं लंडनवरच्या हवाई हल्ल्यांमुळे घरापासून लांब धाडलेली आहेत. आणि पुस्तक छापून आलं तेव्हाही ब्रिटनमध्ये गोळ्या-चॉकलेटं रेशनवरच होती, ती थेट १९५३पर्यंत. अशा वेळी कुणी अख्खा डबा पुढे केला तर? राग गेला म्हणणार नाही, पण बराच निवळला.

अस्लान या सिंहामागचा ख्रिस्त तेव्हा डोक्यावरून गेला होता, आता पानोपानी दिसतो. मला त्याचा त्रास झाला नाही. कुणाला होऊ शकेल.

खरा शोध लागला तो 'द सिल्व्हर चेअर'मधल्या पडलग्लमचा. सदा रडगाणं गाणारा हा दलदलीतला प्राणी तेव्हा कंटाळवाणा वाटायचा. चेटकीण आगीत हिरवी पूड टाकते, मंद सुरात वाजवत बसते, आणि सूर्य वगैरे काही नसतो, तुम्ही दिवा बघून तो मनाने रचलात, असं सगळ्यांच्या गळी उतरवते. तेव्हा हाच गडी अनवाणी पायाने तो जाळ तुडवतो. जळक्या कातडीचा वास सुटतो आणि सगळ्यांची डोकी ताळ्यावर येतात. सातही पुस्तकांत माझा आवडता आता हाच.

आता तक्रारी. 'द हॉर्स अँड हिज बॉय'मधले सावळे, पागोटेवाले कॅलोरमेनी (नार्नियाच्या दक्षिणेकडच्या देशातले) लोक जवळपास सगळे क्रूर किंवा लबाड. अराविससारखा अपवाद विरळाच. हे वाचवेना, म्हणून पहिल्यांदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले ते 'द लास्ट बॅटल'मध्ये, ल्यूसी-एडमंडच्या थोरल्या बहिणीपाशी, सुझनपाशी. तिला आता लिपस्टिक आणि पार्ट्यांतच रस, एवढं सांगून तिला नार्नियाबाहेर ठेवतात. रेल्वे अपघातात तिचे भाऊ, बहीण, आईवडील सगळे गेले, मागे ती एकटी उरली. तिचं काय झालं असेल, हे पुस्तकात कुणी विचारतसुद्धा नाही.

(बांधणी सुमार. चौथ्या महिन्यात एका पुस्तकाची पानं सुटली. अक्षर बारीक आहे. पॉलिन बेन्सची मूळ चित्रं असलेली आवृत्तीच घ्या.)

शेवटी 'द मॅजिशियन्स नेफ्यू' पुन्हा हातात घेतलं. पंखवाल्या घोड्यावरची सफर तेवढी माझ्या आठवणीत होती. त्यातल्या डिगरी या मुलाची आई मरणाला टेकलीय, हे मी चक्क विसरले होते. तिला बरं करा म्हणताना तो खालमानेने सिंहाच्या पंजांकडे बघत असतो. धीर करून वर बघतो, तर सिंहाच्या डोळ्यांत त्याच्याहून मोठाले अश्रू. लुईसची आई १९०८ साली कॅन्सरने गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. हे पुस्तक आलं तेव्हा छप्पन्न. त्यात मुलगा जादूचं सफरचंद घेऊन घरी पोचतो, ते सोलून, फोडी करून एकेक फोड आईला भरवतो. शेवटची फोड खाऊन तिला गाढ झोप लागते.