माईंचं कानाचं मशीन, सहा महिन्यांनंतरचा अनुभव (घरी लहान मुलं येणार असतील तर नक्की वाचा)

गेल्या रविवारी दोन्ही मुलांना घेऊन गिरगावात माईंकडे जाऊन आले आणि आल्यापासून मनात होतं की या मशीनबद्दल एकदा नीट लिहायचं, कारण घ्यायच्या आधी मी भरपूर शोधलं होतं तेव्हा जिथे तिथे चॅनल किती नि ब्लूटूथ आहे का एवढंच सापडायचं, ऐंशी ओलांडलेलं माणूस ते रोज कानात घालून घरात वावरतं तेव्हा काय होतं ते कुणीच सांगत नव्हतं.

माई आमच्या नात्यातल्या नाहीत. माझं लहानपण त्याच चाळीत गेलं, आमची खोली त्यांच्या खोलीला लागून, आई नोकरीला जायची त्यामुळे शाळेतून आले की मी त्यांच्याकडेच जेवायचे. आता त्या 83 वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात, मुलगा बंगलोरला. आम्ही डोंबिवलीला, म्हणजे दादरला गाडी बदलून चर्नी रोडला उतरायचं, दीड तास सहज जातो, पण महिना-दीड महिन्यातून मी मुलांना घेऊन जातेच.

तर गेल्या वर्षीपासून मुलं यायला कुरकुर करायला लागली. मला आधी वाटलं मोबाईल मिळत नाही म्हणून. पण एकदा माईंनी माझ्या मुलीला विचारलं कितवीत आहेस, ती म्हणाली चौथीत, आणि माई म्हणाल्या, "पोथी वाचतेस? वा गं बाई." मुलीने परत सांगितलं, मग मोठ्याने सांगितलं, मग ओरडून सांगितलं, तर माईंनी कानावर हात ठेवला, आणि त्यानंतर ती गॅलरीत जाऊन उभी राहिली ती निघेपर्यंत आत आलीच नाही. धाकट्याने ट्रेनमध्ये विचारलं, माईआजी आपल्यावर रागावल्यात का? मला फार लागलं ते. कारण माझ्याशी त्या व्यवस्थित बोलत होत्या, म्हणजे मला तर वाटत होतं की त्यांना बऱ्यापैकी ऐकू येतं.

हे असं का होतं ते नंतर ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासून मशीन बसवून देणाऱ्या) बाईंनी समजावलं आणि मला वाटतं प्रत्येक घरात हे माहीत असायला हवं. वयामुळे ऐकणं कमी होतं ते सगळं सारखं कमी होत नाही, आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. पुरुषाचा जाड आवाज पोचतो, बाईचा त्याहून कमी आणि लहान मुलांचा सगळ्यात कमी. शिवाय स, श, च, फ असली अक्षरं त्याच पट्टीत येतात, म्हणून माणूस म्हणतं आवाज येतो पण शब्द कळत नाही. आणि ओरडलं की शब्द स्पष्ट होत नाही, फक्त कानाला त्रास होतो, कारण अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नसला तरी मोठा आवाज आपल्याइतकाच, कधी जास्तच टोचतो. माईंनी कानावर हात ठेवला तो यामुळे. हे मी घरी येऊन मुलीला चित्र काढून सांगितलं तेव्हा कुठे ती परत यायला तयार झाली.

आता मशीन. पहिलं मशीन त्यांच्या मुलाने ऑनलाइन मागवलं होतं, स्वस्तातलं, तपासणी न करता. ते खरं तर कानाचं मशीन नव्हतंच, नुसता आवाज मोठा करणारा डबा, सगळंच सारखं मोठं करायचं, पंखा, रस्त्यावरचे हॉर्न, भांडी, सगळं. माईंनी तीन दिवस लावलं आणि कपाटात ठेवलं. पैसे गेले ते गेलेच, पण त्याहून वाईट म्हणजे मशीन आपल्याला चालत नाही असं त्यांच्या मनाने घेतलं आणि ते काढायला मला चार महिने लागले. म्हणून कळकळीने सांगते, तपासणीशिवाय काही मागवू नका.

जूनमध्ये मीच त्यांना घेऊन गेले. आधी कानातला मळ काढला (तो असेल तर तपासणी चुकते), मग बंद खोलीत हेडफोन लावून ऐकण्याचा आलेख काढला. दोन्ही कान साधारण 60 डेसिबलच्या आसपास (डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा त्याचं माप), म्हणजे त्याहून हळू आवाज त्यांना ऐकूच येत नव्हता, नॉर्मल माणसाला 20-25 इतका हळू आवाजही ऐकू येतो, फरक लक्षात घ्या. कानामागे बसणारं मशीन सुचवलं, दोन्ही कानांना, कारण एकाच कानाला लावलं की आवाज कुठून आला ते कळत नाही आणि चाळीत चार दिशांनी हाका येतात. दोन्ही मिळून 40 हजारांच्या आत बसलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण तुमच्या माणसाचा आलेख वेगळा असणार, नाव बघून घ्यायची ही वस्तूच नाही.

मोल्डवर, म्हणजे मशीनचा जो भाग कानाच्या आत बसतो त्यावर, मात्र काटकसर करू नका. कानात मऊ लगदा भरून ठसा घेतात, पाच-सात मिनिटांचं काम, त्यावरून त्या कानाच्या मापाचा मोल्ड बनून आठवड्याभराने येतो. तो नीट बसला नाही तर मशीन सतत शिट्टी मारतं. माईंचा डावा पहिल्यांदा सैल आला होता, परत करून घेतला, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, ते विचारून ठेवलेलं बरं. नीट बसलेला असला तरी काही कानाच्या अगदी जवळ आलं की थोडी शिट्टी येतेच. धाकट्याने पहिल्यांदा गळ्यात हात टाकले तेव्हा कुईंऽ असा आवाज आला आणि तो घाबरून मागे सरकला. आता त्याला माहितीये, तो कमरेला मिठी मारतो.

पहिले दोन-तीन आठवडे कठीण गेले. माईंना स्वतःचाच आवाज डब्यातून आल्यासारखा वाटायचा, पेपर उलटला तरी दचकायच्या. रोज थोडा वेळ, आधी शांत खोलीत, मग हळूहळू वाढवत असं सांगितलं होतं, आणि त्या शिस्तीच्या, त्यांनी कॅलेंडरवर तास लिहून ठेवले. सेटिंगसाठी तीनदा जावं लागलं. घेतानाच किती व्हिजिट धरल्यात ते विचारा, कारण खरं मशीन त्या व्हिजिटमध्येच बनतं असं माझं मत झालंय. चौथ्या आठवड्यात त्यांचा फोन आला, "अगं, फोडणी तडतडलेली ऐकू आली आज." मोहरी कधी तडतडते ते त्या कित्येक वर्षं नुसत्या नजरेने बघत होत्या आणि अधूनमधून जाळत होत्या, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं.

न आवडलेल्या गोष्टी पण सांगते. बॅटरी. 13 नंबरची लागते, केशरी स्टिकरची, आमच्याकडे आठ-नऊ दिवस जाते. स्टिकर काढला की ती हवेवर चालू होते, मग वापरा नाहीतर नका वापरू, संपायला लागते, आणि स्टिकर काढून एक मिनिट थांबून मग घालायची हे कुणी सांगत नाही. माईंची बोटं आखडलेली, त्यांना ते दार उघडणं जमत नाही, समोरच्या खोलीतली कॉलेजची मुलगी बदलून देते. थोडे पैसे जास्त घालून चार्जिंगवालं घ्यायला हवं होतं असं आता वाटतं. आणि घरात लहान मुलं येत असतील तर वापरलेली बॅटरी टेबलावर अजिबात ठेवू नका, ही बटणासारखी बॅटरी गिळली तर घशात अडकून आतून भाजतं, तडक हॉस्पिटल गाठावं लागतं. माईंकडे आता झाकणाची बरणी आहे वरच्या फळीवर. पावसाळ्यात दमट हवेने एक मशीन दोन दिवस बंद पडलं होतं, तेव्हापासून रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवतात.

आणि मशीन लावलं म्हणजे कान तरुण झाले असं नाही हो. दोघंजण एकदम बोलले की त्या गोंधळतात, कुकर चालू असताना बोललेलं वाया जातं. म्हणून गेल्यावर आधी टीव्ही बंद, मुलं त्यांच्या समोर उजेडात बसतात, एका वेळी एकच जण, आणि ओरडायचं नाही, फक्त सावकाश.

रविवारी मुलीने गॅदरिंगच्या नाचाची सगळी गोष्ट सांगितली, कुणाचा घुंगरू तुटला, बाई कशा चिडल्या, आणि माई बरोबर जागेवर हसल्या. मग कपाटातून सागरगोटे काढले, माझेच लहानपणचे, त्यांनी जपून ठेवलेत हे मला माहीतच नव्हतं, आणि तास-दीड तास दोघी जमिनीवर. निघताना मुलीलाच निघायचं नव्हतं. धाकट्याचं मात्र अजून अर्धंच कळतं त्यांना, त्याचा आवाज फारच बारीक आहे आणि तो भराभर बोलतो, मी मधे बसून परत सांगत होते.

मोल्डला मशीनशी जोडणारी ट्यूब आता कडक झालीय, ती काही महिन्यांनी बदलावीच लागते. संक्रांतीच्या आधी क्लिनिकला जायचंय, तेव्हा धाकट्यालाही नेणार आहे, ऑडिओलॉजिस्ट बाईंना विचारून झालंय, त्या म्हणाल्या आणा, सेटिंग करताना त्यालाच बोलायला लावू.