नळ्या तपासायच्या आहेत: एक्स-रे की दुर्बीण?

लग्नाला दोन-चार वर्षं झाली, मूल नाही, सोनोग्राफीत काही निघालं नाही, नवऱ्याची वीर्यतपासणीही ठीक आली (ती झाली नसेल तर आधी ती करा, बाकी सगळं नंतर) आणि आता डॉक्टर म्हणतात, गर्भाशयाच्या नळ्या बघू. एचएसजी (खालून डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारा द्रव, सोडून काढलेला नळ्यांचा एक्स-रे) करायची की दुर्बीण (लॅपरोस्कोपी, पोटाला छोटी छिद्रं पाडून आत कॅमेऱ्याने बघणं), हा प्रश्न इथे येतो. मी दोन्हींतून गेले आहे.

एचएसजीच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. भूल नाही, टाका नाही, संध्याकाळच्या एसटीने घरी. खर्चही कितीतरी कमी. दुर्बिणीसाठी आमच्याकडून यवतमाळ, सेवाग्राम नाहीतर नागपूर गाठावं लागतं. सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं, "एक्स-रेनं भागत असन तं पोटाले चिरा कायले?" २०१७ साली नेदरलँड्समधला एक मोठा अभ्यास आला. एचएसजीला तेलातला डाय वापरला तेव्हा सहा महिन्यांत जवळपास ४० टक्के बायकांना दिवस गेले, पाण्यातला वापरला तेव्हा २९ टक्के. म्हणजे तपासणीचाच थोडा उपचार होतो. तुमच्याकडे कोणता डाय वापरतात, ते विचारून घ्या.

तरीही माझं मन एचएसजीवरून उडालं ते रिपोर्टमुळे. डाय आत जाताना पाळीच्या कळेपेक्षा जोराची कळ आली, अंग आखडलं. रिपोर्टवर आलं: उजवी नळी गर्भाशयाजवळ बंद, आकुंचन असू शकतं, दुर्बिणीने खात्री करावी. कळेने नळीचं तोंड तेवढ्यापुरतं आवळलं जातं आणि फोटोत ती बंद दिसते, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. पण गावात "नळी बंद आहे" एवढंच पोचतं. पाहुणे विचारतात, जावा कुजबुजतात, आणि आपल्याला स्वतःलाही ठाऊक नसतं की खरं काय. तो कागद उशाखाली ठेवून काढलेले महिने मला त्या कळेपेक्षा जड गेले.

दुर्बिणीत पूर्ण भूल देतात. बेंबीतून एक आणि खाली एक-दोन, पाच ते दहा मिलिमीटरची छिद्रं. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा खांदा जास्त दुखतो, तो या गॅसमुळे. घाबरू नका, एक-दोन दिवसांत उतरतो. मला नंतर रेकॉर्डिंग दाखवलं. खालून सोडलेला निळा डाय उजव्या नळीच्या झालरीतून थेंब थेंब बाहेर येत होता. नळी उघडीच होती. पण गर्भाशयाच्या मागे एंडोमेट्रिओसिसचे (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) काळपट डाग होते, जे ना सोनोग्राफीत दिसले ना एक्स-रेत. ते त्याच वेळी जाळले. हिस्टेरोस्कोपीही (गर्भाशयाच्या आत दुर्बीण घालून बघणं) सोबतच झाली आणि अस्तराचा तुकडा टीबीच्या तपासणीला गेला. आपल्या भागात ती शंका डॉक्टर सहसा सोडत नाहीत.

दुर्बिणीचा त्रास नाही असं नाही. भुलीची आणि आतल्या इजेची जोखीम थोडी का होईना, असतेच. काही दिवस डोक्यावर पाण्याचा गुंड नाही, चाऱ्याचा भारा नाही. पेरणी-निंदणाच्या दिवसांत हे घरच्यांना पटवणं सोपं नसतं. शक्य असेल तर कापूस वेचणी आटोपल्यावरची तारीख घ्या.

तुमचं वय तिशीच्या आत असेल, पाळी फार दुखत नसेल, पोटाचं ऑपरेशन, टीबी किंवा ओटीपोटातला संसर्ग कधी झाला नसेल, तर एचएसजीपासून सुरुवात करण्यात काही वावगं नाही. पुष्कळ डॉक्टरही तेच सांगतील. पण पाळीत अंथरूण धरावं लागत असेल किंवा वरीलपैकी एखादी गोष्ट घडली असेल, तर मला वाटतं पैसे साठवून सरळ दुर्बिणीकडे जावं. निर्णय अर्थात तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

आणि दुर्बीण ठरलीच, तर सहीच्या आधी विचारा: आत चिकटलेलं, डाग किंवा गर्भाशयात पडदा सापडला तर त्याच भुलीत काढणार का, आणि रेकॉर्डिंग आम्हाला मिळेल का? काही ठिकाणी नुसतं बघून पोट बंद करतात, मग उपचारासाठी परत भूल, परत खर्च.