व्हीक्यू स्कॅन, परळ साइडचं सेंटर: टेस्ट एक नंबर, वेटिंग बोगस

स्टार: पाचपैकी साडेतीन. सेंटरचं नाव टाकत नाही, कारण पुढे शिव्या पण घातल्यात.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर तिला बाथरूमपर्यंत गेलं तरी दम लागायला लागला, एक्सरेमध्ये जुन्या टीबीचा डाग सोडला तर काहीच नाही, ऑक्सिजन मात्र कमी, डॉक्टरांना फुप्फुसात गुठळीचा संशय, आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी) वाढलेलं म्हणून कॉन्ट्रास्टवाला, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य देऊन करायचा, सीटी नको म्हणाले. मग हे व्हीक्यू स्कॅन, म्हणजे फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे कुठे पोचतं ते बघायची टेस्ट.

आधी वाईट सांगून टाकतो. दिलेली वेळ नावालाच, एसी असा की आई शाल घेऊनही कुडकुडत होती, व्हीलचेअर मागितली तर काउंटरवरची बाई आधी पैसे भरा म्हणे. रिपोर्ट "संध्याकाळी" म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी.

पण आतला टेक्निशियन मुलगा, त्याला मानलं. आधी नाकाला चिमटा लावून तोंडात नळी, त्यातून औषधाची वाफ ओढायची, म्हणजे हवा कुठे कुठे पोचते त्याचा फोटो. मग शिरेतून इंजेक्शन, रक्त कुठे पोचतं त्याचा फोटो. इंजेक्शनआधी तो सिरिंज हळूहळू उलटीपालटी करत होता, म्हटलं हे काय, तर म्हणाला आत प्रोटीनचे बारीक कण आहेत, ते खाली बसतात. हे कण फुप्फुसाच्या केशवाहिन्यांपेक्षा मोठे, त्यामुळे तिथे अडकतात आणि चमकतात. ऐकून आईचा चेहरा पडला, तर लगेच म्हणे मावशी, हजारात एक नळी पण अडत नाही, काही तासांत विरघळून जातात. इंजेक्शन आडवं झोपवूनच देतात, कारण बसलं की वजनाने रक्त खालच्या भागात जास्त जातं. हवाही खाली जास्त जाते पण रक्ताइतकी नाही, म्हणून बसलेल्या माणसात वरच्या टोकाला हवा-रक्ताचं प्रमाण ३ च्या आसपास आणि तळाला ०.६ च्या. अख्ख्या फुप्फुसाचं धरलं तर मिनिटाला ४ लिटर हवा, ५ लिटर रक्त, म्हणजे ०.८.

खरी मजा दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर. आईच्या उजव्या बाजूला खाली हवेच्या फोटोत सगळं भरलेलं आणि रक्ताच्या फोटोत पाचरीसारखा तुकडाच गायब. शेअर टॅक्सी लाईनीत उभ्या आणि पॅसेंजरच नाही, तसं. हवा येते पण घ्यायला रक्त नाही, म्हणजे गुठळी. डावीकडे वर जुन्या टीबीच्या जागी दोन्ही फोटोंत खड्डा, ती जोडी जुळते म्हणून त्याची काळजी नाही असं डॉक्टर म्हणाले. नुसता रक्ताचा फोटो असता तर दोन्ही खड्डे सारखेच दिसले असते ना! काही ठिकाणी फक्त रक्ताचा भाग करून एक्सरेशी ताडून बघतात, इथे दोन्ही केलं, साडेतीन स्टार त्याचेच.

अजून एक कळलं ते भारी वाटलं. कफ वगैरे अडकून एखाद्या भागात हवा गेली नाही तर फुप्फुस तिथल्या रक्तवाहिन्या स्वतःच आवळतं आणि रक्त दुसरीकडे वळवतं. बाकी शरीरात ऑक्सिजन कमी पडला की वाहिन्या रुंदावतात, इथे बरोबर उलटं. १९४६ साली फॉन ऑयलर आणि लिलयेस्ट्रँड या स्वीडनच्या दोघांनी मांजरांवर दाखवलं होतं हे. म्हणून दम्यात वगैरे दोन्ही फोटोंत एकाच जागी खड्डा येऊ शकतो, आणि म्हणूनच एका फोटोवर भागत नाही.

आईला रक्त पातळ करायचं औषध चालू झालंय, आता जिन्याचा एक मजला न थांबता चढते.

जाणाऱ्यांनी ताजा एक्सरे सोबत न्या, मागतातच. स्कॅननंतर पाणी भरपूर प्यायला सांगतात आणि तो दिवस लहान पोरं, गरोदर बायका यांच्याजवळ फार वेळ बसू नका म्हणतात. औषधातलं टेक्नेशियम, म्हणजे फोटोसाठी वापरतात तो किरणोत्सारी पदार्थ, दर सहा तासांनी निम्मं होतं, त्यामुळे फार टेन्शन घेऊ नका. आणि पेशंटला धाप असेल तर नळीवाला भाग घाईत उरकू देऊ नका, आईला मध्ये थांबावं लागलं, त्या मुलाने थांबू दिलं.