खाजनाकाठी सुरूची झाडं लावून बघितली, दोन उन्हाळ्यांनंतरचा अनुभव

गोव्यात पेडण्याला खाजनाला (नदीची भरती बांध घालून अडवलेली सखल खारी शेतजमीन) लागून आमचा एक पट्टा आहे, उन्हाळ्यात वर मीठ फुटतं आणि पांढरं पांढरं दिसतं. झाडं जमिनीतलं पाणी ओढतात, पातळी खाली जाते, मग मीठ वर येत नाही, असं ऐकून सुरू लावला.

रोपांबद्दल तक्रार नाही. सुरूला खारं चालतं, मुळांच्या गाठींत नत्र धरतो म्हणून खताचाही फार खर्च नाही. फक्त वरंबा करून लावा, सपाटीवरची रोपं पहिल्याच पावसात पाणी तुंबून पिवळी पडली.

पातळी बघायला खाली भोकं पाडलेला पीव्हीसी पाईप पुरलाय, एक झाडांत, एक नदीकडच्या बांधाजवळ. दोरीला छोटं उपडं झाकण बांधून आत सोडायचं, पाण्याला टेकलं की डुब्ब असा आवाज येतो, तिथे दोरी चिमटीत धरून टेपने मोजायची. मस्त चालतं, मीटरबिटर काही नको!

आता मुद्द्याचं. वरच्या अंगाला झाडांतलं पाणी उन्हाळ्यात मोकळ्या जागेपेक्षा खाली दिसतं, हे खरं. बांधाकडे मात्र काडीचा फरक नाही, आणि अमावास्या-पौर्णिमेची भरती आली की पाईपात पाणी चढतंच, कारण मानशीची (बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं फाटक) दारं झिजलीत आणि नदी आत येते. आता नदी काय झाड पिऊन संपवणार? राजस्थानात इंदिरा गांधी कालव्याच्या काठी निलगिरीने झिरपलेलं पाणी ओढलं, ऑस्ट्रेलियात तर गव्हासाठी जंगल तोडल्यावरच पाणी आणि मीठ वर आलं. तिकडे खारेपण खालून येतं, आपल्याकडे भरतीबरोबर बाजूने पण येतं.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. झाड पाणी पितं, मीठ बहुतेक मुळांशीच सोडतं. आपल्याकडे ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो म्हणून ते धुऊन जातं, पण ओहोटीला मानशीतून पाणी बाहेर पडलं तरच ना! दुरुस्तीसाठी कधीपासून मागे लागलोय, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

सावलीत कोरगुट (खाजनातला खारं सोसणारा भात) नीट येत नाही, तेव्हा भाताच्या मधोमध लावू नका. बांधावर तर नकोच, वाऱ्यात झाड पडलं तर मुळांसकट माती उपटून नेईल. मरडाच्या (खाजनाच्या वरची उंच जमीन) पायथ्याशी जिथे वरून पाणी झिरपतं तिथे लावा, उपयोग होतो. खालच्या अंगाला ज्यांची जमीन आहे त्यांनी पैसे आधी मानशीच्या फळ्यांवर घालावेत.